पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं

जगात कुठेही कुणाच्या भाषेवर गदा आली की आमच्या तालायच्या घशाखाली घास उतरायचा नाही. स्पेनमधले कातालान घ्या, तुर्कस्तानातले कुर्द घ्या, कॅनडातले फ्रेंच बोलणारे घ्या, सगळ्यांचं वकीलपत्र त्याच्याकडे. टेलिग्रामवर ‘ओश आणि दुनिया’ नावाचा आमचा गट आहे. निम्मं शहर त्यात, आणि मॉस्कोला कामाला गेलेलं उरलेलं निम्मंही त्यातच. तिथे तालाय लिहायला लागला की बाकीचे नुसत्या टाळ्या वाजवायचे. ‘लोकशाही म्हणजे बहुमताचं राज्य नव्हे. जे थोडे आहेत त्यांना निर्धास्त झोप लागते ती लोकशाही,’ हे वाक्य त्याचंच. मी ते शाळेत शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आता आठवलं की अंगाची लाही लाही होते.

मी मंझुरा. ओशच्या उझबेक शाळेत पहिलीला शिकवते. तोंडानं फटकळ आहे, तेव्हा जे सांगेन ते तसंच सांगेन. तालाय किर्गिझ, देशात बहुसंख्य तेच; आम्ही उझबेक, थोडे; पण तो माझा दूधभाऊ. आमच्याच गल्लीत जन्मला, आणि त्याची आई बाळंतपणातून उठलीच नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. आईनं एका कुशीला त्याला घेतलं, दुसऱ्या कुशीला ह्याला. आमच्यात दूध पाजलं की पोर आपलं झालं, त्यात पुन्हा कागदपत्रं लागत नाहीत. आम्ही आईला ‘ओयी’ म्हणतो, तोही ओयीच म्हणायचा. आणि एक गोष्ट खरी आहे ती लपवणार नाही. त्या जून महिन्यात किर्गिझ-उझबेक दंगलीत शहर पेटलं तेव्हा हाच तालाय आमच्या फाटकात दोन दिवस उभा होता. ‘हे माझ्या आईचं घर आहे,’ एवढं एकच वाक्य येईल त्याला सांगत होता. आम्ही जिवंत आहोत ते त्याच्यामुळे.

पुढे तो राजधानीत, बिश्केकला गेला, शिकला, नावारूपाला आला. स्वतःचं व्हिडिओ चॅनेल काढलं. त्याचं बोलणं ऐकायला लाखभर माणसं.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की आमच्या शाळेत उझबेक भाषेतला पहिलीचा वर्ग यंदा उघडायचा की नाही, हे सप्टेंबरच्या आधी ठरणार. पहिलीच गेली तर शाळा मुळातूनच गेली, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? गटात भडका उडाला. ‘बुर्गुत’ नावाचा कुणी एक होता, फोटोत गरुड लावलेला. तो म्हणाला, “इथं राहायचं तर इथल्या भाषेत शिका, नाहीतर ताश्कंदचा रस्ता धरा.”

मी लिहिलं, “माझे पणजोबा ओशच्या मातीत आहेत. तू आधी स्वतःचं नाव लिहायची हिंमत कर, मग मला रस्ता दाखव.”

“मास्तरीणबाई तापल्या!”

“तापणारच. किर्गिझ आमची मुलं शिकतातच, रोज एक तास मीच घेते. प्रश्न आईच्या भाषेत पहिलं अक्षर गिरवायचा आहे. कुर्दांसाठी गळे काढता, मग आम्ही काय घोडं मारलंय?”

तेव्हा कुणीतरी थोरल्या भावाला विचारावं तसं आदरानं विचारलं, “तालाय-अके, तुमचं काय म्हणणं?”

सगळा गट थांबला. मीसुद्धा फोन हातात धरून बसले होते. बऱ्याच वेळानं त्याचं उत्तर आलं, “हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे.”

मी त्याला फोनच लावला. “का रे, कुर्दांचं सोपं आणि आमचंच तेवढं गुंतागुंतीचं?”

“ओपा, दम धर जरा,” तो हसून म्हणाला. थोरल्या बहिणीला आम्ही ओपा म्हणतो. “मी ओशला येतोय. समोरासमोर बोलू. आणि ओयीच्या घरचा पुलाव खाऊन किती दिवस झाले सांग.”

झालं, मी विरघळले. आईला सांगितलं तर ती त्याच दिवशी बाजारातून उझगेनचा तांदूळ आणायला निघाली.

आता आईबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या पसरलेल्या चादरीवर बसलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं. तो म्हणेल त्याला मान डोलवायची, चहा ओतायचा. सगळेच पाळतात, पण आईचं पाळणं म्हणजे कमाल. मागच्या निवडणुकीत एकाच आठवड्यात तीन पक्षांचे तीन उमेदवार आमच्या अंगणात जेवून गेले, आणि तिघांनाही तिनं मताचा शब्द देऊन टाकला. वीजवाला म्हणाला, दर वाढले ते लोकांच्या भल्यासाठीच. आई म्हणाली, “खरंय बाळा, भल्यासाठीच.” तालाय लहानपणी ह्यावरून तिची थट्टा करायचा. पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसायचा आणि म्हणायचा, “ओयी, आज सूर्य पश्चिमेला उगवला ना?” ती म्हणायची, “पाहुणा असतास तर हो म्हटलं असतं. तू घरचा आहेस, ऊठ, पाणी भर!” घरच्यांना ती सटासट नाही म्हणते. मला तर दिवसातून दहा वेळा म्हणते.

तालाय आला. दारात मोठी गाडी, हातात मिठाईचा खोका, अंगावर इस्त्रीचा शर्ट. आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्याला नेहमीच्या उंबऱ्याजवळच्या जागेवर बसू दिलं नाही. द्राक्षवेलीखालच्या मोठ्या बाजेवर, आत, पाहुण्याच्या मानाच्या जागी बसवलं. मी चुलीपाशी कढईत गाजरं परतत होते, तिथून सगळं दिसत होतं. त्यानं फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला. म्हणाला, “आठवण म्हणून, ओयी.” आईनं डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि लाजून हसली.

“ओयी, देश एक म्हटल्यावर मुलांनी पहिलीपासून किर्गिझमध्येच शिकलेलं बरं, नाही का?”

“बरंच की, बाळा. घे ना, नान घे.”

“उझबेक काय, घरी बोलतातच.”

“बोलतातच, बाळा.”

“मग वेगळा वर्ग कशाला हवा?”

“कशाला हवा, बाळा. खरंय तुझं. चहा गार झाला बघ.”

मी कढईपाशी फिसकन हसले. मनात म्हटलं, ह्याची जुनी थट्टा चाललीय. शप्पथ सांगते, मला वाटलं तो तिची गंमत करतोय.

दोन दिवसांनी शाळेत पाय ठेवला तर आमच्या मुख्याध्यापिका दिलबार-ओपा फोन धरून उभ्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तालायचं चॅनेल. ‘मी त्यांच्या वतीनं बोलणार नाही,’ तो गंभीर चेहऱ्यानं सांगत होता, ‘जिचं दूध मी प्यालो त्या उझबेक आईचंच ऐका.’ आणि मग माझी आई, रुमाल नीट करणारी. नान, चहा, गार झाला, हे सगळं कापून टाकलेलं. नुसतं ‘बरंच की’, ‘कशाला हवा’, ‘खरंय तुझं’. खाली टाळ्यांचा पाऊस. त्या बुर्गुतनं लिहिलं होतं, ‘अशी आई घरोघरी हवी.’

केसानं गळा कापला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

“तू माझ्या आईला साक्षीदार केलंस?” मी फोनवर ओरडले.

“ओपा, ती बोलली तेच दाखवलं. त्यात माझा एक शब्द नाही.”

“पाहुण्याला ती काय म्हणते ते तुला ठाऊक नाही? तुला? परक्यानं केलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. तू त्याच अंगणात रांगलास रे!”

 चॅनेलवर बोलतो त्या आवाजात तो म्हणाला, “दोन्हीकडचं वातावरण किती निवळलंय बघ. जरा दूरचा विचार कर.”

“दूरचाच विचार करतोस तू. कातालान दिसतात तुला. गल्ली नाही दिसत.”

त्यानं फोन ठेवला.

मग मी आईकडे गेले. म्हटलं, आई, आपणही एक व्हिडिओ करू. तू एवढंच सांग की मी पाहुण्याच्या मानासाठी बोलले. आई भाजी निवडत होती. तिला सगळं समजलेलं होतं, गल्लीतल्या बायकांनी दाखवलं होतं. ती म्हणाली, “नाही.”

“का नाही?”

“माझ्या तोंडानं मी बोलले. आता ह्या वयात गावापुढे उभी राहून माझ्याच दुधाला खोटं ठरवू? आपलेच दात आणि आपलेच ओठ, मंझुरा. नाही म्हणजे नाही.”

“आणि माझी पहिली?”

ती भाजी निवडत राहिली. मी ताडकन उठले आणि त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. खरं सांगते, तालायपेक्षा तिचा राग जास्त आला होता.

वर्गाचं ठरवायला सभा बोलावली होती, त्या दिवशी शाळेचं सभागृह पालकांनी भरलं होतं. उझबेक वर्गासाठी अर्ज केलेल्या आया पुढेच बसल्या होत्या, नटूनथटून, पोरांना कडेवर घेऊन. शिक्षणखात्याकडून आलेले साहेब मवाळ होते, आवाज चढवणारे नव्हतेच. म्हणाले, आधी एक छोटासा व्हिडिओ पाहू. भिंतीवर माझी आई आली, चांगली दारापेक्षा उंच.  ऐंशीला टेकलेल्या बाईच्या शब्दाला भर सभेत खोडायचं कसं? तेही आमच्यात होत नाही. मघाशी तावातावानं बोलणाऱ्या आया खाली बघायला लागल्या.

मी उभी राहिले. “साहेब, ही माझी आई आहे. हे ती पाहुण्याला बोलली, मनातलं नव्हे.”

साहेब हसले. “म्हणजे मंझुराबाई, तुमच्या आई खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला? तसं असेल तर सांगा, मी नोंद घेतो.”

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित वर्ग वाचला असता.  माझ्यासारखी फटकळ बाई, आणि मी खाली बसले. मग वर्ग बंद करायच्या बाजूनं हात वर झाले, एकेक करून, आधी मागचे आणि मग पुढच्या आयांचेही. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी पोरं फुलं घेऊन आली, आणि मी त्यांना परक्या भाषेत ‘या, बसा’ म्हटलं. एक मुलगी माझी बाही ओढून उझबेकमध्ये काही विचारत होती. मला तिला किर्गिझमध्ये उत्तर द्यावं लागलं, कारण दारात तपासणीसाला उभं केलं होतं.

ऑक्टोबरात तालाय पुन्हा आला. ह्या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून पायी आला. युरोपात कुठेशी मोठी परिषद होती, अल्पसंख्याकांच्या हक्कांवर, आणि बोलायला ह्याला बोलावलं होतं! लांबच्या प्रवासाला निघताना दूध पाजणारीचा आशीर्वाद घेतात, ‘तुझ्या दुधापुरती माझ्यावर राजी आहेस ना’, म्हणजे मनात काही सल नाही ना, असं विचारतात. ती राजी नसेल तर पाऊल उचलायचं नाही, अशी आमच्याकडे समजूत. शिकलेले असोत की अडाणी, हे कुणी चुकवत नाही.

मी त्याला फाटकातच धरलं. “खाल्ल्या घरचे वासे मोजून झाले, आता काय उरलंय?”

त्याचा चेहरा उतरला होता. “ओपा, त्या वेळी तुमची बाजू घेतली असती तर माझे लोक मला गद्दार म्हणाले असते. तू समजून घे. त्या जूनमध्ये सोपं होतं, समोर माणसं होती. इथं लाखभर आहेत आणि एकाचाही चेहरा दिसत नाही.”

“आणि आता तुला काय म्हणायचं आम्ही?”

तेवढ्यात आईचा आवाज आला, “मंझुरा, दारात काय उभं केलंस? आत आण.”

तिनं स्वतः दस्तरखान पसरला. नवा नान, बदाम, जर्दाळू, चांगले पियाले. तालाय सवयीनं उंबऱ्याजवळ टेकायला गेला, तर तिनं त्याचा हात धरून आत मानाच्या जागेवर बसवलं. चहा ओतला, मानाच्या पाहुण्याला ओततात तसा अगदी थोडा थोडा.

“ओयी,” तो म्हणाला, “मी चुकलो.”

“असेल बाळा. नान घे.”

“वर्ग माझ्यामुळे गेला.”

“गेला, बाळा.”

“तू माझ्यावर राजी आहेस? तुझ्या दुधापुरती?”

“राजी आहे, बाळा.”

तिनं एवढ्या पटकन म्हटलं की माझं रक्त उसळलं. वाटलं, ह्या बाईला अजून कळत नाही? मग मी तालायकडे पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

“ओयी, मी पाहुणा नाही ना,” तो पुढे सरकून तिच्या गुडघ्याला हात लावत म्हणाला. “मला रागाव. नाही म्हण. लहानपणी म्हणायचीस तसं, ऊठ, पाणी भर म्हण मला!”

आईनं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि पियाला त्याच्या पुढे सरकवला.

“म्हणेन हं, बाळा,” ती म्हणाली. “तू म्हणशील तसं. आधी चहा घे.”