पुढचं घरी वाचा

नलूबाईंनी अमीबा शिकवावा आणि आपण ऐकत राहावं. दिवसभर गिरणीत उभं राहून परळच्या रात्रशाळेत आलेले कामगारसुद्धा त्या तासाला डुलक्या काढत नसत. अमीबा मधोमध चिमटतो, एकाचे दोन होतात; ना लग्न, ना मानपान! मग यीस्ट, बटाट्याचे डोळे, जास्वंदीचे पराग. आणि माणूस आला की बाई पुस्तक मिटायच्या. "पुढचं घरी वाचा." दहा बाय दहाच्या खोलीत आईबहिणींसमोर ते कोण वाचणार, हे बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच?

संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. बाईंचा जुना विद्यार्थी लवू घरी बसलेला, म्हणून त्याची बायको सखू दादरला बाईंकडे पोळ्या करायला येई. एक दिवस लाटता लाटता ती म्हणाली, "तिसरीपण मुलगीच झाली ना. आता सासूबाई ह्यांना दुसरी बायको आणतायत. मी पोरींना घेऊन माहेरी जायचं."

बाईंचं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी त्यांनी लालबागची चाळ गाठली आणि लवूला फैलावर घेतलं.

"अरे, आईचं बीज एकाच प्रकारचं, एक्सचं. बापाकडून दोन प्रकारची येतात, एक्सचं आणि वायचं. वायचं पोचलं तर मुलगा. त्यात सखूच्या हातात काय आहे? माझ्याकडे शिकलास ना तू?"

"शिकलो की, अमीबा," लवू म्हणाला. "हे तुम्ही घरी वाचायला सांगितलंत."

बाईंना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

"आता आईला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

मग बाईंनी लवूच्या आईला, गुणवंतीबाईंना, समोर बसवून सगळं सांगितलं. कान तापले, पण एक शब्द गाळला नाही.

"मगे दुसरी हाडली तरी?" म्हातारीनं विचारलं.

"तरी बाप लवूच. मुलगा किंवा मुलगी, निम्मं-निम्मं."

पाच मुलग्यांची आई असलेली म्हातारी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे बाईनू, माका पाच झील झाले म्हणान जो मान गावलो, तो ह्यांचो होतो?"

फोटोवरची नजर काढून ती लवूला म्हणाली, "गावाक पत्र टाक. ती सोयरीक नको म्हणान कळव."

सखूनं बाईंपुढे चहा ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"बाई, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होतं," बाई म्हणाल्या.