खांबाआडचा बाक

रेगुला बसमधून उतरली तेव्हा बुरुजाखालच्या वेशीपाशी थोडी माणसे जमली होती. गाव दाखवणारा अजून आला नव्हता. तो कोण असणार हे तिला ठाऊक होते. त्यासाठीच तर ती ल्यूसर्नहून गाड्या बदलत आली होती आणि आपल्याच जन्मगावात परक्या बाईसारखी तिकीट काढून उभी होती.

तिची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, कडेचे दिसत राहील, मधले जाईल. आणि माणसाचा चेहरा तर नेमका मधेच असतो. तो पुरता पुसला जाण्याआधी धाकट्या भावाला एकदा डोळे भरून बघायचे, एवढीच तिची इच्छा होती. आलोइसशी लग्न करून ती कॅथलिक झाली, त्या दिवसापासून कोनराडने तिच्याशी बोलणे टाकले होते. घराची घंटी वाजवली असती, तर त्याने दार तोंडावर लावून घेतले असते. पण गाव दाखवणाऱ्या माणसाकडे तासभर टक लावून बघितले तरी कोणी काही म्हणत नाही.

कोनराड काठी टेकत आला. आवाज अगदी वडिलांसारखा झाला होता.

"चला मंडळी. चढ आहे. मी मधेच थांबलो तर मला धाप लागलीय असं समजू नका. इतिहास सांगायला थांबलोय असं समजा."

रंगवलेल्या दर्शनी भिंतींची घरे, त्यांच्या खिडक्यांतली लाल फुले, लोखंडी पाट्या, सगळे रेगुलाला कडेकडेने दिसत होते. कोनराड उभा असेल तिथे मात्र राखाडी डाग. त्याला बघायचे तर दुसरीकडे बघावे लागे. ती कारंज्यापलीकडच्या भिंतीवर नजर रोवून उभी राहिली.

"बाई, मी इकडे आहे," कोनराड म्हणाला. "ती भिंत इतक्या वर्षांत कुणाशी बोललेली नाही."

"आज बोललीच तर तुमची सुट्टी," बर्नहून आलेला एक जाडा गृहस्थ म्हणाला. सगळे हसले. रेगुलाही हसली, पण बोलली नाही. आवाजावरून त्याने ओळखले असते. तोवर तिच्या हाती फक्त त्याची टोपी आणि हनुवटी लागली होती. तो सारखा वळत होता.

मग सगळे चर्चमध्ये गेले. या गावात दोन्ही पंथांचे चर्च एकच. रविवारी आधी प्रॉटेस्टंट, मागून कॅथलिक.

"इथे मधे पडदा असायचा," कोनराड सांगू लागला. "आम्हा प्रॉटेस्टंटांची प्रार्थना असली की कॅथलिकांची वेदी झाकायची. हे काम आमच्या वडिलांचं. घंटा, झाडलोट, पडदा, सगळं त्यांच्याकडे."

"आणि देव पडद्याच्या कुठल्या बाजूला?" बर्नच्या गृहस्थाने विचारले.

"दोन्हीकडून बोलावणं असायचं त्याला. कुठे जेवायचा ते माहीत नाही."

रेगुला दमून मागे राहिली होती, ती आता आत आली. दाराशी तिची बोटे आपसूक कॅथलिकांच्या पवित्र पाण्याच्या कुंडात बुडाली, कपाळाकडे गेली, छातीवर क्रूस करून खाली आली. लग्नापासूनची हाताची सवय. आणि पायांची सवय त्याहून जुनी. ते तिला डावीकडे, खांबाआडच्या आखूड बाकाकडे घेऊन गेले. तिथून काहीच दिसत नाही, म्हणून तिथे कोणी बसत नसे. घंटेचा दोर जवळ म्हणून तो बाक वडिलांच्या कुटुंबाला दिलेला होता. ती बसली, आणि आईला जागा हवी म्हणून भिंतीकडे सरकली.

कोनराड बोलता बोलता थांबला. त्या पाण्यात बोटे बुडवणारे कोणी त्या बाकावर कधी बसले नव्हते. त्या बाकावरचे कोणी त्या पाण्याला शिवले नव्हते. दोन्ही करणारी बाई गावात एकच निपजली होती.

"मंडळी, पुढे जाऊन खिडक्यांच्या काचा बघा," तो म्हणाला. "सावकाश बघा."

तो बाकाशी आला.

"तिकीट काढून आलीस."

"घरी आले असते तर दार उघडलं असतंस?"

त्याने विचार केला. "नसतं उघडलं."

तो खोटे बोलला नाही, हे तिला बरे वाटले.

"मग आता तरी बघ माझ्याकडे," तो म्हणाला. "मघापासून भिंती बघतेयस. एवढा राग आहे तर आलीस कशाला?"

"राग नाही रे, कोनी. तुलाच बघतेय. मधलं दिसेनासं झालंय मला. बाजूनं बघावं लागतं."

कोनराडने काठी बाकाला टेकवून ठेवली.

"आईपण तसंच करायची शेवटी शेवटी. मी समोर बसून बोलायचो आणि ही खिडकीकडे बघत राहायची. मला वाटायचं, तुझी वाट बघतेय. मी चिडून उठून जायचो."

"डॉक्टरांनी विचारलं होतं मला," रेगुला हळू म्हणाली, "घरात आधी कुणाला होतं का म्हणून. मी नाही म्हणून सांगितलं."

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं." तो थांबला. "म्हणजे ती..."

"तुलाच बघत असणार."

वेदीपाशी बर्नचा गृहस्थ काचांकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. कोनराडने तिकडे वळून पाहिले नाही. त्याने टोपी काढली.

"कुठे उभा राहू?" त्याने विचारले.

"तिकडे, खांबापाशी. उजेड आहे तिथे. आणि हलू नकोस."

तो जाऊन उभा राहिला. रेगुलाने मान भिंतीकडे वळवली आणि बघू लागली.