बूड शेकणारा दुबू

कोरियातल्या चुनचन शहराच्या कडाक्याच्या थंडीत मलसूनबाई घरात दोन-दोन स्वेटर चढवून वावरायच्या, पण फरशी तापवणारा बॉयलर काही वाढवायच्या नाहीत. यंदा तो वाढला, तो दुबूसाठी. त्यांचा हा पांढरा कुत्रा फरशीवर बूड घासत सरकू लागला, तेव्हा त्यांना वाटलं, गारठलंय बिचारं, शेकून घेतंय.

रविवारी लेक हेरान आली आणि आत पाय टाकताच किंचाळली, "आई, फरशी आहे की तवा?"

"दुबूला शेक लागतो गं."

सरकणारा दुबू बघून हेरानने कपाळावर हात मारला. "अगं, शेकतोय कसला! त्याच्या गुदाजवळच्या ग्रंथी तुंबल्यात."

न्हाणीघरात नेऊन तिने त्याची शेपटी वर धरली आणि कागदी रुमालाने हलकेच दाबलं. सडक्या मासळीसारखा असा भपकारा सुटला की मलसूनबाईंनी स्वेटर नाकापर्यंत ओढला. दुबू मात्र बाहेर येऊन गाढ झोपला.

"सुटला बाई एकदाचा," म्हणत मलसूनबाईंनी लगेच बॉयलर कमी केला.

"आई, मला थंडी वाजते ना!"

"मग मोजे घाल."

 हेरान फरशीवर बसली आणि आईकडे बघत, बूड घासत सरकू लागली.