खट् झाल्यानंतरचा फोटो

माझा जुना कॅमेरा मी गेल्या मार्चमध्ये विकला. बारा वर्षं लटकून त्याने माझ्या उजव्या खांद्याची पार वाट लावली होती. "ग्लेनिस, एक काहीतरी ठेव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खांदा नाहीतर कॅमेरा." पोर्ट पिरीची एक पक्ष्यांचे फोटो काढणारी बाई येऊन तो घेऊन गेली. नवा आला तो निम्म्या वजनाचा, आत आरसा नसलेला आणि हवं तर पूर्ण मुका. मी पहिल्याच दिवशी त्याचा आवाज बंद करून टाकला. वॉलरूच्या चर्चमधलं लग्न आटोपल्यावर पाद्री म्हणाले, "आज तू आली होतीस, हे केक कापताना कळलं." मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

खाली उतरवलं ते बेकरीतल्या रॉनेलने. शाळेतल्या मुलींचा पांढरे झगे घालून पहिला नाच असतो, त्याचे फोटो मी तिला दाखवत होते.

"काय गं, पोरी नाचायला आल्यात की दाढ काढायला?"

नेटबॉलच्या संघाचं तेच झालं होतं. मूंटाच्या जेटीवरची नवरी तर शिक्षा झाल्यासारखी उभी होती. मी आधी लेन्सला दोष दिला, मग उजेडाला, मग आजकालच्या पोरींना. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्याच आठवड्यात अंकल मर्व्हचा फोन आला. नात्याचे नव्हेत ते. त्यांची बायको इलीन वीस वर्षं माझ्या वडिलांच्या कडीना गावातल्या फोटो स्टुडिओत कामाला होती, म्हणून मी लहानपणापासून अंकल-आंटी म्हणते.

"ग्लेनी, इलीनचा एक फोटो काढ. हसरा हवा."

आंटीचं विसरणं आता स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं, गॅस चालू राहू लागला होता. मंगळवारी ती मूंटाच्या वृद्धाश्रमात जाणार होती. तिथे प्रत्येकाच्या दारावर त्याचा फोटो लावतात, म्हणजे आपली खोली सापडते.

"घरात सगळे फोटो ओठ मिटलेले आहेत," अंकल म्हणाले. "असली कडक बाई दारावर दिसली तर इलीन आत पाऊल टाकायची नाही. जन्मभर घाबरलीय ती असल्या बायकांना. माझ्या आईपासून."

मी गेले तेव्हा ओव्हनमध्ये पेस्टी, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, भाजत होत्या. आंटी निळं स्वेटर घालून खिडकीपाशी तयार होती. मला बघून तिने हनुवटी किंचित खाली घेतली, पाठ ताठ केली आणि श्वास रोखला. मी फोटो काढले. दहा, पंधरा. तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

"झाला?"

"झाला, आंटी."

"खोटारडी! आवाज कुठे झाला?" आणि तिने पुन्हा श्वास रोखला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टुडिओत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून हीच बाई सांगायची, "खट् ऐकू येईपर्यंत श्वास सोडायचा नाही हं." खट् व्हायचं, माणूस सुटायचा, खांदे खाली यायचे, काहीतरी बोलून हसायचा. तेवढ्यात वडील दुसऱ्यांदा बटण दाबायचे. "पहिला फोटो गिऱ्हाइकाचा, दुसरा आपला," म्हणायचे. मीही तीस वर्षं तेच करत आले होते, इतकं सवयीने की आपण काही करतो हेच विसरले होते. आता खट् नव्हतं, म्हणून कुणी सुटतच नव्हतं. नाचातल्या पोरी, नेटबॉलवाल्या, जेटीवरची नवरी, सगळ्या माझ्यामुळे श्वास धरून उभ्या होत्या.

मी घाईघाईने आवाज चालू केला. पण या कॅमेऱ्याचं खट् म्हणजे उंदराची शिंक, आणि आंटीला कमी ऐकू येतं. मग आतली शिट्टी मोठी केली. ओव्हनसारखं पीप वाजल्याबरोबर आंटी उठली.

"मर्व्ह, पेस्टी झाल्या बघ."

दोनदा तिला ओव्हनपासून परत आणून बसवलं. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला जमत नाहीये, ग्लेनी. एवढ्या लोकांना शिकवलं मी, आणि मलाच जमत नाहीये."

मला स्वतःचा इतका राग आला, की तो महागडा डबा खिडकीबाहेर फेकून द्यावासा वाटला. पोर्ट पिरीच्या बाईला फोन करून जुना कॅमेरा मागावा का, असाही विचार केला. पण मंगळवार दोन दिवसांवर होता.

अंकल माझ्या मागे उभे होते. ते जवळ आले आणि माझ्या कानाशी त्यांनी तोंडातल्या कवळीचे दात आपटले.

खट्!

आंटीने लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. ती खदखदून हसली.

"मर्व्ह, दात पडतील तुझे!"

मी दुसरा फोटो काढला. म्हणजे आपला.

फोटोत आंटी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, माझ्या कानामागे बघतेय. तो मी मोठा करून दिला आणि मंगळवारी तो दारावर लागला. त्यानंतर मी जेटीवरच्या नवरीला फोन करून पुन्हा बोलावलं, फुकटात. आता मी तोंडानेच खट् करते. लोक हसतात, आणि मला तेच हवं असतं.

तीन आठवड्यांनी अंकलचा फोन आला.

"आज फिरून आलो, तर दारापाशी थांबली. परक्याला विचारावं तसं मला म्हणते, 'अहो, या हसऱ्या बाई कोण?' मी म्हटलं, इथेच राहतात. तर म्हणते, 'मग दार वाजवा ना.'"

"मग?"

"मग काय, वाजवले. दात."

"आणि आंटी?"

"आधी श्वास सोडला तिने," अंकल म्हणाले. "मग माझी बाही धरली. म्हणाली, 'चल आत. पडतील तुझे.'"