मैनाने खाल्लेली खिडकी

“पप्पा, खरं सांगा, तुमची थोरली लेक कोण? मी का मैना?”

भर डेअरीत, सकाळच्या दुधाच्या रांगेत राजनंदिनीनं हे विचारलं आणि कृष्णाताच्या हातातली किटली हिंदकळली. मैना म्हणजे त्याची म्हैस. मागं तिच्या मैत्रिणी क्रांती आणि विद्याश्री तोंडात ओढणी कोंबून उभ्या. “चारचौघात इचारून दाव, मग तुला मानतो,” अशी पैज त्यांनी कालच शाळेच्या गेटवर लावलेली. परवा शाळेच्या कार्यक्रमात माईकवर बोलून टाळ्या घेतल्यापासून राजनंदिनीला कुणाच्या बापाची भीती उरली नव्हती. हा तर स्वतःचाच बाप.

“मैना दूध देती,” कृष्णात म्हणाला. “तू काय देतीस गं?”

“मी उलट उत्तरं देतो की!”

रांग खो खो हसली. पण राजनंदिनी थांबते होय?

“न्हाय, ऐका सगळी! थंडी पडली म्हणून आईतवार सगळा ह्यांनी गोठ्यात घालवला. चारी बाजूंनी ताडपत्री, खाली वाळला पाला, वर बल्ब, अंगावर पोत्याची झूल. आन माझ्या खोलीच्या खिडकीला? चौकट हाय, झडपाच न्हाईत! खताचं पोतं लावलंय. वारं सुटलं की ते फडाफडा वाजतंय. भूमितीचं पुस्तक हातात धरलं की प्रमेयासकट मीच कापतोय.”

“झडपा दिवाळी झाली की बसवू म्हटलंय न्हवं?”

“कुठल्या सालची दिवाळी ते बी सांगा की!”

शेजारच्या चिमणाबाईंनी दुधाची घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. “का रं कृष्णात, म्हशीला ताडपत्री आन पोरीला पोतं? शोभतंय व्हय?”

आता कृष्णाताला राग आला. हा माणूस उपाशी राहील, पण डेअरीत खाली बघणार नाही. “पोरीची खिडकी आज दिवस बुडायच्या आत बंद हुणार! वारं काय, डास बी आत यायचा न्हाय!”

आणि खरंच, दुपारी तो उसाच्या फडातून सायकलीवर वाड्याचे भारे घेऊन आला. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फडात तोड चालू, त्यामुळं वाड्याला तोटा नाही. त्यानं पेंढ्या घट्ट बांधल्या, चौकटीत एकावर एक ठोकल्या, फटीत गुडघ्यानं दाबून दाबून पाला भरला. मग चार पावलं मागं सरकून त्यानं खिडकीकडं असं बघितलं, जसं काही शहरात मंगळवार पेठेत बंगलाच उठवलाय.

“हात लावून बघ. हाय का वारं?”

वारं नव्हतं. उसाचा गोड वास होता, खोली गारठ्यातून सुटली होती. राजनंदिनीला लई दिवसांनी गाढ झोप लागली. पप्पांना उगाच बोललो, असंही तिला झोपताना जरासं वाटलं.

सकाळी कृष्णातानं मैनाला उन्हाला म्हणून घरामागच्या परड्यात काढली आणि सवयीनं नेहमीच्या खुंट्याला बांधली. तो खुंटा बरोब्बर खिडकीखाली. बांधून तो गेला डेअरीला, छाती काढून.

राजनंदिनी आत वेणी घालत होती. कर्रम कर्रम आवाज आला. तिला वाटलं, आई भाकरीचं पापुद्रं खातेय. मग भिंतीवर उजेडाचा एक ठिपका पडला. ठिपक्याचा कवडसा झाला. कवडशातून एक काळं ओलं नाक आलं, मग शिंगं, मग अख्खी मैना मानेपर्यंत आत! तिनं तोंडातलं वाडं चघळत राजनंदिनीकडं बघितलं आणि वेणीची हिरवी रिबीन ओढून घेतली.

“आईऽऽ! खिडकी खाल्ली! खिडकी खाल्ली हिनं!”

आई चुलीजवळून पळत आली आणि हसता हसता दारातच बसली. “अगं बया, आत येऊन चा प्या की मैनाबाई!”

संध्याकाळी मात्र कृष्णात डेअरीतून आला तो नाचतच. “अगं, पोट भरून वाडं खाल्लं, दूध वाढलं मैनाचं! आता ठरलं. रोज खिडकीत ताजं वाडं भरायचं. रातभर पोरीची थंडी भागली, सकाळी म्हशीची वैरण भागली. हाय का न्हाय डोस्कं?”

राजनंदिनी तडक उठली. आत गेली. वाकळ, उशी, भूमितीचं पुस्तक काखेत मारून बाहेर आली.

“कुठं निघालीस?” आईनं विचारलं.

“गोठ्यात. ताडपत्री हाय, बल्ब हाय, पाल्याची गादी हाय.”

“अगं, परकं माणूस शेजारी झोपलं तर मैना दूध चोरंल, पान्हाच सोडायची न्हाय!” कृष्णात कळवळला. “ऐक माझं, उद्याच सुताराला बोलावतो. नक्की!”

“बोलवा की. पर ऐका आई-पप्पा, माझं ठरलंय. झडपा बसूस्तवर मी गोठ्यातनं हलणार न्हाय. डेअरीत कुणी इचारलं तर सांगा, धाकटी लेक थोरल्या भैनीकडं ऱ्हायला गेलीया!”