उशीला वारा घालणारा डबा

मी एक जुना हवेचा डबा आहे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात छातीच्या विभागाला लागून झोप तपासण्याची खोली आहे, तिथल्या कपाटात एरवी माझा मुक्काम असतो. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण सगळे मला डबाच म्हणतात. मित्रांनो, काही माणसांचा गळा झोपेत मिटतो. श्वास अडतो, मग घुसमटून परत सुरू होतो, आणि हे तासाला वीस-तीस वेळा होतं. अशांच्या नाकावर मास्क बांधला की मी नळीतून हवा सोडत राहतो आणि गळा उघडा राहतो. एवढंच माझं काम. माणसं ते मला करू देतील तर ना.

कारखान्यातून आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं होतं. शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती कोंडाळं करून उभे राहायचे. मग नवी, चकचकीत भावंडं आली आणि माझी रवानगी रुग्णांच्या घरी होऊ लागली, आज याच्याकडे, तीन महिन्यांनी त्याच्याकडे. एकाने माझ्यावर चहाचा कप ठेवला. एका बाईंनी माझा फिल्टर कचरा समजून फेकून दिला. हे सगळं मी सोसलं. पण शाळेच्या बसच्या ड्रायव्हरनं जे केलं, त्यानं फिरलेलं माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

रात्री श्वास अडून झोप मोडायची, म्हणून हा माणूस बस चालवताना सिग्नलला डुलक्या घ्यायचा. मागे चाळीस मुलं. शाळेनं त्याला घरी बसवलं आणि सांगितलं, डॉक्टरांचा दाखला आणा, मगच गाडीला हात लावा. आमच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी मला त्याच्या हवाली केलं.

"महिनाभर रोज लावून झोपायचं," त्या म्हणाल्या. "किती तास चालला ते डब्यात नोंदलं जातं."

त्यानं नेमकं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. घरी गेल्यावर या गृहस्थानं मास्क चक्क एका उशीला बांधला. पट्टे आवळून, अगदी नीट. मला चालू केलं आणि स्वतः पलीकडे तोंड करून खुशाल घोरत पडला. महिनाभर मी उशीला वारा घातला. हातभर अंतरावर त्याचा श्वास अडत होता आणि मला काही करता येत नव्हतं. मला ओरडता येत नाही. फक्त नोंद करता येते, म्हणून मी चिडून एकूण एक नोंद करून ठेवली.

तपासणीच्या दिवशी तो ऐटीत आला, सोबत बायको. डॉक्टरबाईंनी माझ्यातलं नोंदींचं कार्ड संगणकाला लावलं. चार शिकाऊ डॉक्टर मागून वाकून बघत होते.

"रोज आठ तास," ड्रायव्हर म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"तास आहेत," बाई म्हणाल्या. "पण महिनाभरात तुम्ही एकदाही श्वास घेतलेला नाही. कोणाला बांधला होता मास्क?"

एक शिकाऊ डॉक्टर फिसकन हसला. ड्रायव्हर स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"उशीला," तो पुटपुटला. "तोंडावर घेतला की जीव गुदमरतो हो माझा. आणि दाखला नाही मिळाला तर माझी गाडी दुसऱ्याला देतील."

मला वाटलं, आता बायको त्याला फैलावर घेईल. ती नुसती खुर्चीत बसली.

"बाई, बावीस वर्षं मी यांच्या शेजारी अर्धवट झोपते," ती म्हणाली. "श्वास थांबला की कोपर मारते, मग परत सुरू होतो. डबा आला तशी मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. घोरणं ऐकू यायचं, पण डब्याचाही आवाज यायचा. म्हटलं, आता तो बघेल. महिनाभर गाढ झोपले मी." ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे महिनाभर तुमच्याजवळ कोणीच नव्हतं?"

डॉक्टरबाईंनी कार्ड काढून परत माझ्यात घातलं.

दाखला मिळाला नाही. आणखी एक महिना मिळाला, आणि नाकाखाली बसणारा लहान मास्क मिळाला. आता तो मला लावतो, कुरकुरत का होईना. श्वास नीट चालतो, तशी नोंद माझ्याकडे आहे. पण बायको अंथरूण घेऊन परत आत आली आहे. माझं काम चालू असतं आणि ती टक्क जागी असते, मास्कच्या कडेला बोट लावून हवा खरंच नाकात जाते का ते बघत असते. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला आणि मित्रांनो, यात माझा काडीचाही दोष नाही.

म्हणून जरा चिडूनच सांगतो. माझी नळी धूत जा, हवा ओलसर ठेवणारं माझ्यातलं पाणी रोज बदला. मास्क टोचत असेल, जीव घाबरत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यावर उपाय असतो. अगदीच नको असेन तर मला परत पाठवा. पण नुसता चालू करून ठेवू नका. माझ्या आवाजाच्या भरवशावर त्या घरात कुणीतरी झोपलेलं असतं.