विरवलेला चुना

आम्लाचा थेंब पडला आणि ढेकूळ फसफसलं. मी दुसरं घेतलं, चुना न घातलेल्या कोपऱ्यातलं. तेही तसंच फसफसलं. या मातीत चुना मुळातच भरलेला होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून पिंपरीच्या आमच्या नव्या कारखान्याची बाग दिसत होती. अनंताच्या फुलझाडांची चाळीस रोपं, सगळी करपलेली. माळी भिवा परबने ती सावंतवाडीहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. बाग धरली, तर रोजंदारीवरचा भिवा कायम होणार होता.

तीन आठवड्यांपूर्वी पानं पिवळी पडू लागली, तेव्हा तो माझ्याकडे आला होता.

"साहेबानू, माती आंबली. आमच्याकडे तांबड्या मातीत चुनो घालतत. पण हयसर खंयचो घालू? कळीचो, विरवलेलो, की चुनखडीची पूड?"

प्रश्न इतका नेमका की मी खूश झालो. कळीचा मुळं जाळेल, पूड फार सावकाश मुरेल. उद्घाटनाला महिनाच आहे, तेव्हा विरवलेला घाल, असं सांगितलं. मात्रा लिहून दिली. माती तपासली नाही.

खुरपणारी गोजाबाई इथल्याच गावची. ती हसली होती. "चुना कशापायी ओ? हितं खणलं का चुन्याचं खडंच निघत्यात."

"तू गवत काढ गो," भिवा म्हणाला होता. "साहेब बी.एस्सी. आसत."

मी ढेकळं घेऊन खाली धावलो. मुकादम अर्जुनराव भिवासमोर उभे होते.

"चुना घालायची अक्कल कुणी दिली रे?"

भिवाने माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाय. माझीच."

"अर्जुनराव, मात्रा मी लिहून दिली होती."

"गड्याला पाठीशी घालू नका, साहेब. तुमचं नाव कशाला खराब करता?" ते भिवाकडे वळले. "सोमवारपासून येऊ नको रे."

ते गेले, तरी मी तिथेच उभा होतो. मग खिशातली आम्लाची बाटली काढून भिवाला ते फसफसणं दाखवलं. तो उकिडवा बसून बुडबुडे विरेपर्यंत बघत राहिला.

"म्हणजे माती आंबली नव्हती."

"नाही."

"चुनो खंयचोच नको होतो?"

"कुठलाच नको होता, भिवा. पानं मातीतल्या चुन्यानेच पिवळी पडली होती."

त्याने मान हलवली. मग पहिलं रोप उपटलं, मुळांची माती झटकून गोणपाटावर ठेवलं, आणि दुसऱ्याकडे सरकला. गोजाबाईने खुरपं बाजूला ठेवलं. ती त्याच्या मागोमाग हातांनी खड्डे बुजवू लागली.